दहा नंबरचा एक सेकंद

रग्बीचा सामना पहिल्यांदा पाहणारा माणूस अर्ध्या तासाच्या आत एक प्रश्न हमखास विचारतो. मैदानावर तीस जण एकमेकांना धडका देत असतात, ढीग पडतात, उठतात, पुन्हा पडतात. पण चेंडू फिरून फिरून पाठीवर दहा नंबर असलेल्या एकाच माणसाकडे जातो. तो मान वर करून पाहतो आणि त्याच्या एका पासवर सगळा खेळ वळतो. मग समोरच्या संघाने दोन धिप्पाड गडी कायमचे त्याच्यामागे का लावू नयेत?

प्रश्न रास्त आहे. आंतरराष्ट्रीय संघांचे बचाव प्रशिक्षक आठवडेच्या आठवडे याच प्रश्नावर घालवतात. त्यांचं उत्तर थोडक्यात असं : त्या माणसाला बांधून ठेवता येत नाही, पण त्याला मिळणारा वेळ कापता येतो. वेळ कापला की त्याचे पर्याय आपोआप कमी होतात. मात्र हा वेळ फुकट कापता येत नाही. त्यासाठी बचावाला मैदानावरची दुसरी कुठली तरी जागा मोकळी सोडावी लागते. कोणती जागा सोडायची, हे ठरवण्यातच खरी हुशारी आहे. आता हेच पायरीपायरीने पाहू.

१. लागतील तेवढेच नियम

आपण पंधरा जणांच्या रग्बीबद्दल बोलतोय. एक ते आठ नंबरचे फॉरवर्ड, म्हणजे जोर लावणारे, चेंडू मिळवणारे. नऊ ते पंधरा नंबरचे बॅक, म्हणजे पळणारे, चेंडू खेळवणारे. मैदान जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण. त्यानंतरची किक, म्हणजे कन्व्हर्जन, यशस्वी झाली तर आणखी २. पेनल्टी किकचे ३ आणि खेळता खेळता चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३.

आपल्या प्रश्नासाठी तीन नियम पुरेसे आहेत. पहिला, चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पास बाजूला किंवा मागेच द्यायचा. पुढे जायचं तर पळत जायचं किंवा किक मारायची. दुसरा, ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच पकडता येतं. चेंडू नसलेल्याला धरलं की पेनल्टी. तिसरा नियम ऑफसाइडचा. एखाद्याला पाडलं आणि चेंडूवर दोन्हीकडचे खेळाडू झुंजू लागले की त्या झुंजीला रक म्हणतात. रक चालू असेपर्यंत बाकीच्या प्रत्येकाने रकमधल्या आपल्या शेवटच्या खेळाडूच्या मागच्या पायाच्याही मागे राहायचं असतं.

'दोन गडी लावा' या सूचनेची अडचण इथेच कळते. ते दोघं दहा नंबरच्या शेजारी उभे राहूच शकत नाहीत, कारण ती जागा ऑफसाइड आहे. चेंडू त्याच्या हातात पडेपर्यंत त्याला हातही लावू शकत नाहीत.

आता थोडा हिशेब करू. बचाव करणाऱ्या पंधरा जणांपैकी दोघं-तिघं किकसाठी मागे थांबतात, एक-दोन रकमध्ये अडकतात. आडव्या रेषेत साधारण अकरा उरले असं धरू. ७० मीटर रुंदी अकरा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे साडेसहा मीटर येतात. त्यातले दोघं दहा नंबरसाठी राखून ठेवले की उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी पावणेआठ मीटर सांभाळावे लागतात. म्हणजे प्रत्येक जोडीमधली फट सव्वा मीटरहून जास्त वाढली. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या धावपटूला निसटायला एवढं खूप झालं. आणि फट कुठे वाढली आहे हे सगळ्यांत आधी कोणाला दिसणार? दहा नंबरलाच.

२. दहा नंबर धोकादायक कशाने होतो?

रकमधून चेंडू बाहेर काढणारा नऊ नंबर, म्हणजे स्क्रम-हाफ. तो चेंडू दहा नंबरकडे, म्हणजे फ्लाय-हाफकडे फेकतो. फ्लाय-हाफ हा संघाचा सूत्रधार. त्याच्यापुढे एकाच वेळी चार-पाच वाटा असतात : जवळच्या फॉरवर्डला छोटा पास, त्या फॉरवर्डच्या पाठीमागून मधल्या सेंटरला पास, थेट कडेच्या विंगरपर्यंत लांब पास, मागच्या मोकळ्या जागेत किक, किंवा स्वतःच फटीतून धाव.

समोरच्याला यातली नेमकी कोणती वाट निवडली जाणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. चांगला सूत्रधार पाचही पर्यायांसाठी एकसारखाच उभा राहतो, एकसारखाच चेंडू घेतो. त्यामुळे बचावातला प्रत्येक जण आपापल्या माणसाला चिकटून राहतो आणि कुणी तरी एक जण अर्धं पाऊल चुकतो.

हे पर्याय एकाच माणसाच्या हाती खुले राहिले तर काय होतं, याचा सर्वांत ठळक दाखला २ जुलै २००५ चा आहे. वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडच्या डॅन कार्टरने ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या संयुक्त संघाविरुद्ध एकट्याने ३३ गुण केले : दोन ट्राय, चार कन्व्हर्जन, पाच पेनल्टी. न्यूझीलंड ४८-१८ ने जिंकलं. कार्टर ११२ कसोट्यांत १,५९८ गुण करून निवृत्त झाला. वेलिंग्टनमध्ये त्या रात्री तो पळाला, किक मारली, पास दिले, आणि प्रत्येक वेळी त्याला निवड करायला सवड मिळाली. बचावाचा खरा पराभव सवड देण्यात झाला होता.

३. सेकंदाचं गणित

ही सवड मोजता येते. उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊ. दहा नंबर आणि बचावाची रेषा यांच्यात दहा मीटर अंतर आहे. नऊ नंबरचा पास त्याच्यापर्यंत पोहोचायला पाऊण सेकंद लागतो. चेंडू सुटताच बचाव सेकंदाला सहा मीटर वेगाने पुढे येतो. म्हणजे पास हवेत असतानाच साडेचार मीटर कापले गेले. उरले साडेपाच. ते कापायला सुमारे ०.९ सेकंद. चेंडू झेलणं, समोर पाहणं, ठरवणं आणि करणं, या सगळ्याला मिळून एक सेकंदही नाही.

तो चार मीटर आणखी मागे उभा राहिला तर? तेवढाच वेगवान पास धरला, तर त्याला जवळजवळ १.६ सेकंद मिळतात. पण आता त्याला आणि त्याच्या साथीदारांना चेंडू जिथे होता तिथवर परत यायलाच बारा मीटर पळावं लागणार. तिथे पकडले गेले तर हल्ला पुढे जाण्याऐवजी मागे सरकला. सूत्रधाराला दूर उभं राहायला भाग पाडणं हेदेखील बचावाचं यशच.

उलट बाजूने, बचाव अर्धा सेकंद उशिरा निघाला तर तीन मीटर दान केले. त्या तीन मीटरांत दहा नंबर मान वर करतो, आणि एकदा त्याने मान वर केली की पाचही वाटा खुल्या.

यापुढचे सगळे उपाय या एका सेकंदाभोवतीच फिरतात.

४. पहिला उपाय : चेंडू उशिरा पोहोचवणं

दहा नंबरला रोखायचं काम त्याच्यापासून बरंच लांब, रकच्या ढिगात सुरू होतं. पाडलेल्या माणसाकडून चेंडू झटकन, दोन-तीन सेकंदांत बाहेर आला तर बचाव अजून उठतोय, मोजतोय, जागा शोधतोय अशा अवस्थेत सापडतो. तोच चेंडू पाच-सहा सेकंद अडकला तर सगळे उभे राहून रेषा बांधतात आणि पास सुटायची वाट पाहतात. सूत्रधार तोच, कौशल्य तेच; पण समोर भिंत तयार.

२०११ च्या विश्वचषकात याचा धडा आयर्लंडने दिला. त्या वर्षीचा ऑस्ट्रेलियाचा संघ भीतिदायक होता. विल जेनिया नऊ नंबर, क्वेड कूपर दहा नंबर. या जोडीने जुलैत क्वीन्सलँड रेड्सला सुपर रग्बीचं विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनला न्यूझीलंडला २५-२० हरवून ट्राय नेशन्स चषक जिंकला होता. कूपर न पाहता पास देणारा, पाय नाचवत समोरच्याला चकवणारा. त्याला समोरासमोर अडवायला जाणारे बहुतेक जण हवेत हात मारत राहत.

१७ सप्टेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर आयर्लंडने कूपरपर्यंत चांगला चेंडू जाऊच दिला नाही. त्यांचे बचाव प्रशिक्षक लेस किस यांनी एक खास पकड बसवून घेतली होती. चेंडूवाल्याला खाली पाडायचं नाही. छातीपाशी कवळायचं, चेंडूसकट हात जखडायचे, उभाच ठेवायचा. त्याचा साथीदार मदतीला येऊन चिकटला की नियमानुसार तो रक राहत नाही, मॉल होतो. मॉलमधून चेंडू बाहेर आला नाही तर स्क्रम (दोन्हीकडच्या फॉरवर्डांची खांदे गुंतवून होणारी रेटारेटी, जिच्यातून खेळ पुन्हा सुरू होतो) मिळतो तो चेंडू नसलेल्या संघाला! म्हणजे एका पकडीत चेंडूही थांबला आणि ताबाही बदलला. इंग्रजीत या पकडीला चोक टॅकल म्हणतात.

त्या सामन्यातलं एक दृश्य रग्बीवाल्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जेनिया चेंडू घेऊन वळतोय तोच आयर्लंडचा फ्लँकर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड, स्टीफन फेरिस त्याच्यावर आला, त्याला कवेत घेऊन जवळपास उचललं आणि उलट पावली कित्येक मीटर मागे रेटत नेलं. जेनियाचा पास सुटलाच नाही.  आयर्लंड १५-६ ने जिंकलं. ऑस्ट्रेलियाला एकही ट्राय करता आला नाही. हेही सांगायला हवं की ऑस्ट्रेलियाचा रकमधला सर्वोत्तम खेळाडू डेव्हिड पोकॉक दुखापतीमुळे त्या दिवशी बाहेर होता. पण त्यानेही मुद्दा पक्काच होतो : चेंडू लवकर सोडवणारा माणूस नसेल तर सूत्रधाराचं कौशल्य कामाला येत नाही.

५. दुसरा उपाय : रेषा पुढे धावणार की बाजूला सरकणार?

चेंडू शेवटी कधी तरी दहा नंबरकडे येणारच. तेव्हा बचावाच्या रेषेने काय करायचं, याच्या दोन पद्धती आहेत.

एक म्हणजे सरकता बचाव. चेंडू जसा कडेकडे जाईल तशी सगळी रेषा तिरकी कडेकडे सरकते. समजा हल्ल्याकडे चार जण आहेत आणि बचावाकडे तीन. दहा नंबरने पास दिला की त्याच्या समोरचा बचावपटू त्याला सोडून पुढच्या माणसाकडे वळतो, पुढचा त्याच्या पुढच्याकडे. चौथा माणूस कडेला पोहोचेपर्यंत मैदानाच्या कडेची रेषाच त्याची जागा खाऊन टाकते. या पद्धतीत माणसांची कमतरता भरून निघते. पण दहा नंबरवर दडपण येत नाही. त्याला हवा तेवढा वेळ मिळतो आणि हल्ला थोडा थोडा पुढे सरकत राहतो.

दुसरी पद्धत आक्रमक. चेंडू सुटताच सगळ्यांनी सरळ पुढे झेप घ्यायची. दहा नंबरचा सेकंद अर्ध्यावर आणायचा. या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते म्हणजे शॉन एडवर्ड्स. तेरा जणांच्या रग्बी लीगमधून आलेले हे प्रशिक्षक २००८ साली वेल्सच्या बचावाची जबाबदारी घेऊन आले आणि त्याच वर्षी वेल्सने सिक्स नेशन्स स्पर्धेतले पाचही सामने जिंकले. पाच सामन्यांत मिळून फक्त दोन ट्राय दिले.

पुढे धावण्याचं मर्म कबड्डी पाहणाऱ्याला चटकन कळेल. चढाई करणारा आत आला की क्षेत्ररक्षक हाताला हात धरून साखळी करतात आणि एकसाथ त्याच्यावर जातात. साखळीतल्या एकाने उतावळेपणाने एकट्याने झेप घेतली की हात सुटतो, आणि निष्णात चढाईपटू त्याच मोकळ्या जागेतून रेषा गाठतो. रग्बीत हात धरलेले नसतात. तिथे डोळे आणि आवाज ते काम करतात. शेजारी कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक हवं, आणि रेषेने निघायचं तर सगळ्यांनी एका हाकेवर निघायचं. एक जण दोन मीटर पुढे गेला तर त्याच्या मागे जी पायवाट तयार होते, तिथूनच दहा नंबर आपला माणूस आत घुसवतो.

आक्रमक बचावाचा आणखी एक प्रकार दक्षिण आफ्रिकेने घडवला. त्यात कडेचे बचावपटू बाहेरून आतल्या दिशेने धावत येतात आणि पास जिथून जायचा ती वाटच अडवतात. दहा नंबरला कडेला मोकळी जागा दिसते, पण तिथे चेंडू पोहोचवायचा रस्ता दिसत नाही. नाइलाजाने तो चेंडू आत वळवतो, आणि आत दक्षिण आफ्रिकेचे तगडे फॉरवर्ड वाटच पाहत असतात.

६. त्या वेगाची किंमत

मग सगळेच संघ पुढे का धावत नाहीत? कारण धावणाऱ्या रेषेच्या मागे आणि कडेला मोकळं रान असतं, आणि काही सूत्रधार नेमके तेच शोधत असतात.

२४ फेब्रुवारी २०१८, एडिनबराचं मरेफील्ड, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. हा सामना कलकत्ता कपासाठी असतो, आणि त्या चषकाचं आपल्याकडे खरोखरीचं मूळ आहे : कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा खात्यात शिल्लक असलेले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला गेला. मुठींच्या जागी नाग, झाकणावर हत्ती. १८७९ पासून तो इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला मिळतो.

त्या दिवशी स्कॉटलंडचा दहा नंबर होता फिन रसेल. स्वतःच्या अर्ध्या मैदानात त्याला चेंडू मिळाला. इंग्लंडचा सेंटर जोनाथन जोसेफ पासची वाट अडवायला झेपावत पुढे आला, हात वर. पुस्तकात लिहावं असा आक्रमक बचाव. रसेलने चेंडू त्याच्या वर केलेल्या हातावरून, लांब, गोलाई देऊन फेकला. जोसेफची बोटं तिथवर पोहोचली असती तर इंग्लंडला मोकळं मैदान होतं. बोटं पोहोचली नाहीत. पलीकडे ह्यू जोन्सच्या हातात चेंडू पडला तेव्हा त्याच्यासमोर कुणीच नव्हतं. तो इंग्लंडच्या हद्दीत खोलवर पळत गेला आणि काही क्षणांत शॉन मेटलँडने ट्राय केला. स्कॉटलंड २५-१३ ने जिंकलं. कलकत्ता कप २००८ नंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे आला.

या पासकडे केवळ करामत म्हणून पाहू नये. जोसेफने चूक केली असंही म्हणता येणार नाही. त्याने रसेलचे सोपे पर्याय सगळे बंद केले आणि सर्वांत अवघड तेवढा एक शिल्लक ठेवला. बचावाचा डाव नेहमी असाच असतो : तू दहातून एकदाच साधेल असं काही तरी कर. रसेलसारख्या माणसाविरुद्ध धोका एवढाच की तो एकदा त्याच दिवशी येऊ शकतो. म्हणून प्रशिक्षक समोरचा दहा नंबर कोण आहे ते पाहून रेषेचा वेग ठरवतात. लांब पास देणाऱ्याविरुद्ध कडेचा माणूस अर्धं पाऊल मागे राहतो. स्वतः पळणाऱ्याविरुद्ध आतला माणूस त्याच्या आतल्या खांद्यावर नजर ठेवतो.

७. मागची राखण

पास अडवला, धाव अडवली, किक उरतेच. म्हणून मागे पंधरा नंबरचा फुल-बॅक आणि त्याच्या मदतीला एखादा विंगर राहतो. चेंडू उजवीकडे गेला की डावा विंगर मागे सरकतो, उजवा पुढे येतो. चेंडू परत फिरला की उलट. मागच्या तिघांचा हा झोका अखंड चालू असतो आणि त्यात जरा ढिलाई झाली की चांगला दहा नंबर चेंडू तिथेच टाकतो.

२०२१ मध्ये आलेल्या एका नियमाने हे काम अवघड केलं. आपल्या अर्ध्या मैदानातून मारलेली किक टप्पा खाऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या २२ मीटरमध्ये कडेबाहेर गेली, तर लाइनआउटची, म्हणजे कडेबाहेरून चेंडू आत टाकण्याची, फेक किक मारणाऱ्या संघालाच मिळते. आधी ती समोरच्यांना मिळायची. एवढं बक्षीस असल्यावर दोन्ही कोपरे राखावेच लागतात. मागे एक माणूस वाढला की पुढच्या रेषेत एक कमी, आणि पहिल्या भागातला फटींचा हिशेब पुन्हा सुरू.

८. त्यालाच बचाव करायला लावा

आतापर्यंतचे सगळे उपाय चेंडू समोरच्यांकडे असतानाचे. एक उपाय चेंडू आपल्याकडे असतानाचाही आहे : समोरच्या सूत्रधाराला पकडी करायला लावायच्या. आपले सर्वांत वजनदार पळणारे थेट त्याच्या अंगावर पाठवायचे, नाही तर उंच किक नेमकी त्याच्याच डोक्यावर टाकायची. दमलेला, दबलेला माणूस चेंडू हातात आल्यावर तितका शांत राहत नाही.

आयर्लंडकडून हरूनही ऑस्ट्रेलिया २०११ च्या उपांत्य फेरीत पोहोचलं. १६ ऑक्टोबर, पुन्हा ईडन पार्क, समोर यजमान न्यूझीलंड. कूपर न्यूझीलंडमध्येच जन्मलेला. प्रेक्षक स्पर्धाभर त्याची हुर्यो उडवत होते. सामन्याची पहिलीच किक त्याची, आणि ती टप्पा न पडता थेट कडेबाहेर गेली. सहाव्या मिनिटाला इस्रायल डॅगने कडेने मुसंडी मारून आत चेंडू ढकलला आणि माआ नोनूने ट्राय केला. बचावात पकडींपासून वाचवण्यासाठी ऑस्ट्रेलिया कूपरला बऱ्याचदा मागे उभं करत असे. न्यूझीलंडने ते हेरून उंच किकांचा मारा तिकडेच ठेवला. त्याला चेंडू मिळत होता, पण हवेतून, आणि सोबत धावून येणारे काळे जर्सीवाले घेऊन. न्यूझीलंड २०-६ ने जिंकलं. महिन्याभरात त्याच मैदानावर दुसऱ्यांदा ऑस्ट्रेलियाला एकही ट्राय मिळाला नाही.

दोन्ही सामने शेजारी ठेवून पाहावेत. आयर्लंडने कूपरला उपाशी ठेवलं. न्यूझीलंडने नको तो चेंडू त्याला भरपूर दिला. मार्ग उलटे, परिणाम एकच.

९. पकडीची मर्यादा

पास देऊन झाल्यावर दहा नंबरवर आदळणं ही उशिराची पकड. तिला पेनल्टी आहे. खांद्याच्या वर पकड गेली आणि डोक्याला मार बसला तर शिक्षा फार कडक. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पूर्वार्धातच उंच पकडीसाठी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं लाल कार्ड. उरलेल्या चौदांनी झुंज दिली, पण दक्षिण आफ्रिका १२-११ ने जिंकली.

हा नियम पाळायलाच हवा, आणि तो केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराने खेळाडूंचं पुढचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. चांगला बचाव सूत्रधाराला जायबंदी न करता निष्प्रभ करतो. त्याच अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या पीटर-स्टेफ दु तॉयने २८ पकडी केल्या आणि सामनावीर ठरला. ताकद आणि शिस्त एकत्र नांदू शकतात, हे त्याने त्या रात्री दाखवलं.

१०. एका आठवड्यातले दोन सामने

आता सगळे धागे एकत्र आणू. काही संघ एकाऐवजी दोन सूत्रधार खेळवतात, एक रकच्या डावीकडे, एक उजवीकडे. एकाची कोंडी केली तर चेंडू दुसऱ्याकडे. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने दहा नंबरवर रिची मोउंगा आणि पंधरा नंबरवर बोडेन बॅरेट अशी रचना केली होती. २००७ नंतर तोवर विश्वचषकात एकही सामना न हरलेला हा संघ.

२६ ऑक्टोबरला योकोहामात इंग्लंडने त्यांना १९-७ ने हरवलं. टॉम करी आणि सॅम अंडरहिल हे दोन तरुण फ्लँकर रकभोवती अखंड पकडी करत राहिले. चेंडू सावकाश बाहेर आला, त्यामुळे रेषा दोन्ही बाजूंना सज्ज राहिली, आणि दोनपैकी कुठल्याच सूत्रधाराला सवड मिळाली नाही. मध्यंतराला न्यूझीलंडच्या खात्यात शून्य गुण होते. त्यांचा एकमेव ट्राय इंग्लंडच्याच चुकलेल्या लाइनआउट फेकीतून आला.

इंग्लंडकडेही दोन सूत्रधार होते : जॉर्ज फोर्ड आणि ओवेन फॅरेल. बरोबर सात दिवसांनी, त्याच मैदानावर, अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने त्या दोघांची तीच गत केली. स्क्रममध्ये इंग्लंडला मागे रेटून चेंडूचा पुरवठाच नासवला. मूळचे फिजिओथेरपिस्ट असलेले जाक निनाबर यांनी बसवलेली धावती रेषा बाहेरून आत येत राहिली. असा बचाव माणसाला लवकर थकवतो, म्हणून राखीव आठांपैकी सहा फॉरवर्ड ठेवले होते. ताज्या दमाचे गडी येत राहिले आणि रेषेचा वेग शेवटपर्यंत टिकला. इंग्लंडला चार पेनल्टींचे १२ गुण मिळाले, ट्राय एकही नाही. दक्षिण आफ्रिका ३२-१२.

सात दिवसांत फोर्ड आणि फॅरेल काही खेळ विसरले नव्हते. बदललं ते त्यांच्यापर्यंत येणाऱ्या चेंडूचं रूप आणि त्यांना मिळणारा वेळ.

११. पुढचा सामना पाहताना

चेंडूमागे नजर फिरवायची सवय थोडा वेळ बाजूला ठेवा आणि क्रमाने तीन गोष्टी पाहा. आधी रक : चेंडू बाहेर यायला किती वेळ लागला, मनात मोजा. तीनच्या आत आला तर पुढे काही तरी घडणार. मग रेषा : सगळे एकदम निघाले का, की एखादा पुढे सुटला? शेवटी दहा नंबरची मान : चेंडू झेलल्यावर त्याला ती वर करायला मिळाली का?

आणि जेव्हा एखादा नामांकित सूत्रधार गोंधळून चेंडू उगाचच लांब भिरकावतो, तेव्हा समालोचक त्याची चूक म्हणतील. तुम्ही मात्र थोडं मागे जाऊन पाहा. दोन रक आधी कुणी तरी चेंडूवर हात टाकून तो तीन सेकंद अडवलेला असतो, कुणी तरी पडल्यापडल्या उठून रेषेत आपली जागा पकडलेली असते. धावफलकावर त्यांची नावं येत नाहीत. दहा नंबरला हरवलेलं असतं ते त्यांनीच.